जपानला जाताय? मग मात्सुदाईला दोन मुक्काम ठेवा

गारवेल

टोकियोत निशिकासाईला राहत असल्यामुळे भारतातून येणाऱ्या ओळखीच्यांचे बेत आधी माझ्याकडे येतात. टोकियो, फुजी, क्योतो, नारा, हिरोशिमा, की परत टोकियो. ही ठिकाणं पाहायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण यातल्या दोन रात्री वाचवून नीगाता प्रांतातल्या मात्सुदाईला जा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. दर वेळी तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर धागा काढते.

मात्सुदाई पूर्वी स्वतंत्र गाव होतं. २००५ मध्ये शेजारच्या मात्सुनोयामा, कावानिशी, नाकासातो या गावांबरोबर ते तोकामाची शहरात विलीन झालं. 'शहर' हे फक्त कागदावर. तोकामाचीचा बाजार सोडला की सगळीकडे डोंगर, उतारावरची भातखाचरं आणि दहा-वीस घरांच्या वाड्या. तोकामाची आणि शेजारचं त्सुनान मिळून या भागाला एचिगो-त्सुमारी म्हणतात. क्षेत्रफळ ७६० चौरस किलोमीटर. तरुण मंडळी कधीच शहरांकडे गेली, शाळा एकामागून एक बंद पडल्या, घरं ओस पडली. अशा ठिकाणी २००० साली दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू झाला. त्याचे सूत्रधार फ्राम कितागावा हे नीगाताचेच. सुरुवातीला गावकऱ्यांचा विरोध होता, आणि तो स्वाभाविकच म्हणायला हवा. खाचराच्या बांधावर शिल्प उभारून भात जास्त पिकत नाही. पण कलाकारांनी दालनं बांधायच्या ऐवजी बंद शाळा, रिकामी घरं आणि सोडून दिलेली शेतंच हाती घेतली. हे सगळं बघताना तुम्ही गावातूनच हिंडत असता, म्हणून मला ही जागा इतकी प्रिय आहे.

मात्सुदाई स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पायांवर उभी असलेली पांढरी इमारत दिसते. ती नोबुताई, इथलं कलाकेंद्र. एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुरचनाकारांनी २००३ मध्ये बांधली; बर्फ साचला तरी खालची जागा मोकळी राहावी म्हणून ती जमिनीपासून उचलून घेतली आहे. आतल्या सज्जात उभं राहिलं की पलीकडच्या उतारावर निळ्या-पिवळ्या रंगात कापलेल्या शेतकऱ्यांच्या आकृती दिसतात. कोणी नांगरतोय, कोणी पेरतोय, कोणी रोपं लावतोय, कोणी कापणी करतोय, कोणी माल बाजारात नेतोय. डोळ्यासमोर टांगलेल्या जपानी ओळी बरोबर त्या खाचरांवर येऊन बसतात, जणू शेतावरच कविता लिहिली आहे. इल्या आणि एमिलिया काबाकोव या सोव्हिएत काळातून आलेल्या दांपत्याचं हे २००० सालचं काम. त्या खाचरांचा मालक शेती सोडण्याच्या विचारात होता आणि सुरुवातीला तो या कल्पनेला तयारही नव्हता. पुढे ती शेती चालू राहावी ही जबाबदारी महोत्सवाच्या लोकांनी उचलली. नोबुताईच्या बाहेर यायोई कुसामांचं ठिपक्याठिपक्यांचं भलंमोठं फूल आहे. फोटो सगळे त्याचेच काढतात, पण वेळ द्यायचा तो त्या सज्जाला द्या.

तिथून गाडीने होशितोगे. लहानमोठी सुमारे दोनशे खाचरं, माशाच्या खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली. बर्फ वितळल्यावर मे-जूनमध्ये आणि कापणीनंतर नोव्हेंबरमध्ये त्यांत पाणी असतं. पहाटे धुकं दरीत बसलेलं असेल तर आकाश खाली उतरल्यासारखं दिसतं. त्याच वाडीत एक जुनं शेतकरी घर आहे. जुनइची कुराकाके आणि निहोन विद्यापीठाच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या भिंती, खांब, तुळया, जमीन, सगळं छिन्नीने कोरून काढलं. काजळीने काळं झालेलं लाकूड, आणि प्रत्येक घावातून आतलं फिकट लाकूड डोकावतंय. पायमोजे घालून चालताना तळव्याखाली ते घाव लागतात. खांबाच्या कोपऱ्यात, तुळईच्या वरच्या बाजूला, जिथे बोटही नीट पोचणार नाही तिथेही घाव आहेत. २००६ पासून हे घर उघडं आहे आणि आगाऊ नोंदणी केली तर तिथे राहताही येतं.

मात्सुनोयामाकडे जाताना एक बंद पडलेली प्राथमिक शाळा लागते. तिथे ख्रिस्तियाँ बोल्तान्स्की आणि जाँ कालमाँ यांचं २००६ सालचं काम आहे. व्यायामशाळेत गवत अंथरलेलं, अंधारात मिणमिणते दिवे, फिरणारे पंखे, आणि वर वर्गांमध्ये शिरताना हृदयाचे ठोके ऐकू येतात. लहान मुलं घाबरतात, हे आधीच सांगून ठेवते. त्याच्या अगदी उलट, हाची वाडीतली शाळा. तिथे चित्रकार सेइझो ताशिमा यांनी शाळा बंद झाली तेव्हा उरलेल्या तीन मुलांना नायक करून अख्ख्या इमारतीत गोष्ट मांडली आहे. समुद्रातून वाहून आलेली लाकडं आणि झाडांची फळं रंगवून केलेली पात्रं वर्गावर्गांतून तरंगतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती चुकवू नये.

कियोत्सु घळीबद्दल इंटरनेटवर फोटोंचा पूर आहे, म्हणून थोडक्यात. १९८८ मध्ये दरड कोसळून एक जण दगावला, घळीतली पायवाट बंद झाली आणि १९९६ मध्ये ७५० मीटरचा बोगदा खोदून दृश्य पाहायची सोय केली. २०१८ मध्ये चीनच्या मा यानसोंग यांच्या चमूने शेवटच्या सज्ज्यात पाण्याचा उथळ थर सोडला आणि जागा जगभर गाजली. सुंदर आहेच. गर्दीच्या दिवसांत आधी वेळ आरक्षित करावी लागते.

जायचं कसं? टोकियोहून जोएत्सु शिनकानसेन या बुलेट ट्रेनने एचिगो-युझावा, सव्वा तास धरा. तिथून होकुहोकु लाइनने तोकामाची आणि पुढे मात्सुदाई. ही खाजगी लाइन आहे, त्यामुळे सगळ्या देशाचा जेआर (जपान रेल्वे) पास तिथे चालत नाही. पुढे वाड्यांमध्ये फिरायला गाडी हवी. जपानमध्ये वाहनं डावीकडूनच चालतात आणि आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना तिथे ग्राह्य धरतात. मंगळवार-बुधवारी बरीच ठिकाणं बंद असतात, मुक्काम त्या बेताने ठेवा.

वाटसरू_ठाणे

वाचनखूण साठवली. मार्चअखेर जायचा विचार आहे. आई-बाबा सोबत आहेत, बाबांना गुडघ्यांचा त्रास. गाडी चालवायचा आत्मविश्वास नाही. मग काय काय होईल?

गारवेल

@वाटसरू, मार्चअखेर तिथे अजून बर्फ असतो आणि उघड्यावरची बहुतेक कामं झाकलेली असतात. शक्य असेल तर मे किंवा ऑक्टोबर बघा. गाडीशिवाय दोन गोष्टी आरामात होतात. मात्सुदाई स्टेशनाशेजारी नोबुताई, आणि तोकामाची स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर मोनेत हे संग्रहालय. हिरोशी हारा यांनी बांधलेली चौकोनी इमारत, मध्ये पाण्याचं मोठं कुंड. लेआंद्रो एर्लिख यांनी त्या कुंडाच्या तळाशी इमारतीचंच प्रतिबिंब रंगवलं आहे. एका विशिष्ट जागेवरून खरं आणि रंगवलेलं प्रतिबिंब एकावर एक बसतं, ते वरच्या मजल्यावरून पाहा. उरलेल्या ठिकाणांसाठी बाबांना घेऊन अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवा, मुक्कामाच्या ठिकाणचे लोक फोन करून देतात. कियोत्सुला युझावाहून बस आहे, पण थांब्यापासून अर्धा तास चालावं लागतं आणि मग बोगद्यातलं चालणं वेगळं. त्यांच्यासाठी ते टाळलेलं बरं.

सावनी_कर्वेनगर

लेख आवडला. आमच्या घरी सगळे पक्के शाकाहारी. जपानच्या शहरांत निदान भारतीय उपाहारगृहं सापडतात. अशा खेड्यात काय करायचं? दोन दिवस बिस्किटांवर काढायची तयारी आहे, पण सासूबाईंना नाही चालणार.

गारवेल

@सावनी, खाण्याचं नियोजन करावं लागतं, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. अडचण 'दाशी'ची असते. सूप, भाज्या, सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) बुडवायचा रस, सगळ्यांत वाळवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी असतं. मुक्काम ठरवतानाच मांस, मासे आणि कात्सुओ दाशीसुद्धा नको असं जपानीत लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर खरोखरच काही करता येत नाही, त्यांचं जेवण सकाळपासून ठरलेलं असतं.

आता चांगली बाजू. हा उओनुमा भाताचा मुलूख. इथला कोशिहिकारी तांदूळ जपानमध्ये सर्वांत नावाजलेला. नुसता वाफाळता भात, खारवलेली मुळ्याची पानं, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ), एवढ्यावरही पोट आणि मन भरतं. वसंतात बर्फाखालून वर येणाऱ्या रानभाज्या असतात: फुकिनोतो, कोगोमी, तारानोमे. त्यांचा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भजी, करतात, चव किंचित कडवट. पिठात अंडं असतं, ते चालत नसेल तर तेही कळवा. आणि हेगीसोबा खाच. रस नको असेल तर मीठ मागून घ्या किंवा सोबतची सोया सॉसची बाटली घेऊन जा.

ताणाबाणा

हेगीसोबाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं काम हातमाग-कापडाशी संबंधित आहे आणि मी या भागात गेलो तो कापडासाठी. सोबाच्या पिठाला बांधून ठेवायला इथे फुनोरी हे समुद्री शेवाळ घालतात. डोंगरातल्या गावात समुद्रातलं शेवाळ कुठून आलं? विणकरांकडून. ताण्याच्या सुताला खळ द्यायला फुनोरी घरोघर असायचं. गहू या भागात फारसा होत नसे, म्हणून तेच सोब्यात गेलं. त्यामुळे या शेवयांना हिरवट झाक येते आणि चावताना तुटक, ठाम वाटतात. 'हेगी' नावाच्या लाकडी चौकोनी ताटात एकेका घासाच्या वळ्या ओळीने मांडून आणतात, सुताच्या लडी लावल्यासारख्या. तोकामाचीत सोबत वासाबीऐवजी पिवळी मोहरी देतात.

कापडाबद्दल: तोकामाची आजही किमोनोचं मोठं केंद्र आहे. शेजारच्या मिनामिउओनुमा आणि ओजिया भागात रॅमी या झाडाच्या धाग्यापासून एचिगो-जोफु आणि ओजिया-चिजिमी ही कापडं विणतात. युनेस्कोने २००९ मध्ये या कारागिरीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रॅमीचा देठ सोलून नखाने तंतू चिरायचे, तोंडाने ओले करत हाताने पिळून जोडायचे, जमिनीवर बसून कमरेला बांधलेल्या मागावर विणायचे. कोरड्या हवेत हा धागा तटकन तुटतो, म्हणून हिवाळ्यात चारी बाजूंनी बर्फ असलेल्या घरातली ओलसर हवाच त्याला मानवते. शेवटी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कापड बर्फावर पसरतात आणि ते उजळतं. सहा महिने कोंडून ठेवणाऱ्या बर्फाला या बायकांनी असं कामाला लावलं होतं. एका थानामागे महिनोन्महिने जातात, किंमतही तशीच. विकत घेणं जमलं नाही तरी माग चालताना पाहायला मिळाला तर तासभर हलू नका.

अनवट

ताणाबाणा, सुंदर माहिती. पण मला मूळ मुद्द्यावर एक शंका आहे. पहिल्यांदाच जपानला जाणाऱ्याने खेडंच पाहायचं तर शिराकावा-गो का नको? जागतिक वारसा आहे, गवती छपरांची घरं आहेत, बसने थेट पोचता येतं. इथे मात्र परदेशी कलाकारांची कामं बघायला इतक्या आत जायचं. आधुनिक कला मला फारशी कळत नाही हेही खरं.

गारवेल

@अनवट, प्रश्न रास्त आहे. शिराकावा-गो देखणं आहे आणि एकच दिवस असेल तर तिथेच जा. माझा आग्रह दोन मुक्कामांचा आहे तो वेगळ्या कारणासाठी. शिराकावा-गोत घरं जपली आहेत आणि ती पाहायला इतके लोक येतात की गावाचा बहुतेक दिवस पाहुण्यांत जातो. मात्सुदाईत प्रश्न अजून चालू आहे. या खाचरांत पुढच्या वर्षी भात कोण लावणार, हा. तिथे 'तानादा बँक' नावाची योजना आहे. शहरातले लोक वार्षिक वर्गणी भरून डोंगरउताराच्या खाचरांचे पालक होतात, लावणी-कापणीला येतात आणि वाट्याचा तांदूळ घेतात. २०१५ मध्ये तर एफसी एचिगो-त्सुमारी नावाचा महिलांचा फुटबॉल संघच उभा केला. या मुली गावात राहतात, फुटबॉल खेळतात आणि वृद्धांना न झेपणारी खाचरं कसतात. चिखलात उतरून रोपं लावणाऱ्या खेळाडू पाहिल्या की कला कळते की नाही हा प्रश्न मागे पडतो.

आणि कलेचं म्हणाल तर उबुसुना हाउसला जेवायला जा. १९२४ सालचं गवती छपराचं शेतघर, २००४ च्या चुएत्सु भूकंपात मोडकळीला आलेलं. कुंभारकाम करणाऱ्या कलाकारांनी त्यात चूल, शेगडी, मोरी सगळं भाजलेल्या मातीचं केलं. गावातल्या बायका तिथे स्वयंपाक करतात आणि त्याच कलाकारांच्या थाळ्या-वाट्यांत वाढतात. वाढताना ही भाजी कुणाच्या परसातली तेही सांगतात. कळायला अवघड असं त्यात काहीच नाही. उघडण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, शाकाहारींनी आधी कळवावं.

करवंद

कोणी मिथिला म्युझियमबद्दल कसं लिहिलं नाही अजून? मराठी माणसाने तोकामाचीला जायचं सर्वांत मोठं कारण तेच आहे!

तोकामाचीबाहेर डोंगरावर ओइके नावाचं तळं आहे. तिथल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये हे संग्रहालय सुरू केलं. महोत्सव सुरू व्हायच्या अठरा वर्षं आधी! आत मधुबनी, गोंड आणि आपली वारली चित्रं आहेत. गंगादेवींसारख्या मिथिलेच्या थोर चित्रकर्ती तिथे येऊन राहिल्या, महिनोन्महिने काम केलं. आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीही तिथे चित्रं काढली.

मी डहाणूचीच, म्हणून हे जरा जास्त लिहिते. आमच्याकडे लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीने. हे काम सवाशिणींचं. जिव्या सोमांनी लग्नापुरतं न थांबता रोज चित्र काढायला घेतलं आणि चौकाबाहेरचं जग त्यात आणलं: मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, भातकापणी, तारपा. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. मुंबईत वारली म्हणून कप-बशांवर, पडद्यांवर जे छापून येतं ते पाहून मोठे झालेल्यांनी ओइकेला त्या हाताची मोठी चित्रं पाहावीत. हजारो बारीक रेघा, आणि एकही रेघ दुसरीसारखी नाही. जाळ्याच्या चित्रासमोर थोडं बाजूला सरकून उभं राहिलं तर जाळं पाण्यात हलल्याचा भास होतो. बाहेर खिडकीत जपानी रान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लिहायला संकोच वाटत नाही.

वाटसरू_ठाणे

करवंदताई, हे माहीतच नव्हतं! पण जपानच्या खेड्यात तांदूळ पिकवणाऱ्या लोकांना वारली चित्रं कशी वाटत असतील?

करवंद

लावणी, कापणी, मळणी, कणगी. त्या चित्रांत बहुतेक हेच आहे, त्यामुळे शेतकरी माणसाला सांगायची गरज पडत नाही. मी गेले होते तेव्हा एक आजी मळणीच्या चित्रासमोर उभ्या राहून नातवाला बोटाने दाखवत होत्या. काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण बोट खळ्यावर फिरत होतं.

मेकलसुता

मी भोपाळची, माहेर नागपूर. मिथिला म्युझियमचं नाव निघालं की आमच्याकडे आधी जनगढ सिंह श्याम आठवतात. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा हा गोंड चित्रकार, चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी शोधला आणि भोपाळच्या भारत भवनात आणला. त्याच्या घराण्याची कला आज 'जनगढ कलम' म्हणून ओळखली जाते. २००१ च्या जुलैमध्ये तो याच संग्रहालयात काम करत असताना त्याने जीवन संपवलं. वय चाळिशीच्या आतच. परक्या देशात, एकट्याने, भाषा नसताना दीर्घ काळ काम करणाऱ्या आदिवासी कलाकारांची काळजी कोणी घ्यायची, यावर तेव्हा भारतात खूप बोललं गेलं. तिथे जाणाऱ्यांनी त्याची चित्रंही पाहावीत आणि हेही मनात ठेवावं. मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण हे न सांगता नुसतं कौतुक झालं तर मला ते अपुरं वाटेल.

करवंद

मेकलसुता, लिहिलंत ते फार बरं केलंत. अगदी खरं आहे.

गारवेल

दोघींचे मनापासून आभार. धाग्यात हे यायलाच हवं होतं. मिथिला म्युझियमला जाण्याआधी फोन करून उघडं आहे का विचारा, जागा आडवाटेला आहे. २००४ च्या भूकंपात त्या इमारतीचंही नुकसान झालं होतं, तरी ते पुन्हा उभं राहिलं.

हिमाली_नागपूर

मी जानेवारीत गेले होते, त्यामुळे माझं मात्सुनोयामा पूर्ण पांढरं आहे. थंडीतही जा, असं सांगायला आले.

१५ जानेवारीला मात्सुनोयामा ओनसेनला (ओनसेन म्हणजे गरम पाण्याचे झरे) मुकोनागे, म्हणजे 'नवरदेव फेकणं', असतं. गावातली मुलगी करून नेणाऱ्या नव्या नवऱ्याला गावकरी खांद्यावरून याकुशीच्या देवळापाशी नेतात, चार-पाच वेळा वर उडवतात आणि सुमारे पाच मीटरच्या बर्फाच्या उतारावरून खाली फेकतात! खाली बायको उभी असते, ती त्याच्या अंगावरचा बर्फ झटकते. आपली मुलगी बाहेरचा घेऊन गेला, याचा गावातल्या पोरांनी काढलेला राग म्हणे. तीनेकशे वर्षांची प्रथा आहे. नंतर दहीहंडीच्या मनोऱ्यापेक्षा उंच गवताची होळी पेटवतात, तिची राख बर्फात कालवतात आणि दिसेल त्याच्या तोंडाला फासतात. 'ओमेदेतो', म्हणजे 'अभिनंदन', म्हणत. पाहुणा, पोलीस, कॅमेरावाला, कोणी सुटत नाही. माझा पांढरा कोट काळा झाला, नंतर कळलं की सगळे जुने कपडे घालून येतात. जाणाऱ्यांनी तसंच करावं.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. तोकामाचीत रस्त्याच्या मधोमध नळ्या आहेत, त्यातून भूजलाचे फवारे उडतात आणि बर्फ वितळतो. त्या पाण्यातल्या लोखंडाने रस्ते तांबूस झाले आहेत. घरांचा तळमजला काँक्रीटचा, राहणं वरच्या मजल्यावर. बर्फ किती पडत असेल याचा अंदाज यावा म्हणून: ईयामा लाइनवर जवळच मोरिमियानोहारा स्टेशन आहे, तिथे १९४५ च्या फेब्रुवारीत ७.८५ मीटर बर्फ नोंदला गेला. स्टेशनाच्या आवारात तेवढा उंच खांब उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा.

फेब्रुवारीत तोकामाचीचा हिममहोत्सव असतो. तो १९५० मध्ये सुरू झाला, साप्पोरोच्या काही दिवस आधी. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत लोक स्वतः बर्फाची शिल्पं घडवतात.

सावनी_कर्वेनगर

हिमाली, मात्सुनोयामा ओनसेन म्हणजे सगळ्यांसमोर विवस्त्र अंघोळ ना? तिथे आमच्याकडच्या बायका अडतात.

हिमाली_नागपूर

बायका-पुरुष वेगळे असतात. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. आणि तरीही संकोच असेल तर काही ठिकाणी कुटुंबापुरतं कुंड तासाच्या हिशोबाने मिळतं, त्याला 'काशिकिरी' म्हणतात, खोली घेताना विचारायचं. पण मात्सुनोयामाचं पाणी सोडू नका. कुसात्सु आणि आरिमाबरोबर जपानच्या तीन मोठ्या औषधी झऱ्यांत त्याची गणना होते. एक कोटी वर्षांहून जुनं, खडकाखाली अडकलेलं समुद्राचं पाणी भूगर्भातल्या दाबाने वर येतं. कडक गरम, जिभेला खारट, वास औषधाचा. बाहेर बर्फ पडत असताना अर्ध्या तासाने अंग असं तापतं की रात्री रजई नको होते. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र पाच-दहा मिनिटांत बाहेर यावं.

अनवट

पटलं. ऑक्टोबरचा बेत करतोय. होकुहोकु लाइनबद्दल कोणी लिहील का? रेल्वे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

घाटमाथा

@अनवट, मग तुम्हाला पर्वणी. ही लाइन १९९७ ला उघडली, म्हणजे मात्सुदाईला रेल्वे मिळाली तीच तेव्हा. त्याआधी हिवाळ्यात रस्ते बंद झाले की गाव अडकायचं. बराचसा मार्ग बोगद्यांतून जातो. मात्सुदाईच्या पश्चिमेचा नाबेताचियामा बोगदा नऊ किलोमीटरहून थोडा लांब, पण खोदायला दोन दशकं लागली. आतली माती दाबाने फुगून पुढे सरकायची आणि खोदलेलं पुन्हा भरून यायचं. मार्च २०१५ पर्यंत, होकुरिकु शिनकानसेन कानाझावाला पोचेपर्यंत, याच एकेरी लाइनवरून हाकुताका गाड्या ताशी १६० किलोमीटर वेगाने धावायच्या. आता छोट्या डब्यांची संथ गाडी आहे. एचिगो-युझावाला गाडी बदलताना हाताशी वेळ असेल तर स्टेशनातच पोन्शुकान आहे, नीगाताच्या साके भट्ट्यांची चव एकाच जागी घेता येते. परतीच्या वेळी घ्या, गाडी चालवायची असेल तर अजिबात नको.

गारवेल

ऑक्टोबरला जाणाऱ्यांसाठी: महिन्याच्या सुरुवातीला नवा तांदूळ आलेला असतो, काही ठिकाणी भाताच्या पेंढ्या अजून उंच बांबूच्या मांडवांवर वाळत असतात. महिनाअखेर मात्सुनोयामाच्या बिजिनबायाशीत बीच झाडांची पानं पिवळी-तांबूस होतात. शतकापूर्वी कोळशासाठी हे रान पार तोडलं होतं, त्यानंतर एकदमच उगवल्यामुळे सगळी झाडं सारख्या उंचीची, सरळसोट आहेत. शेजारच्या क्योरोरो या निसर्गसंग्रहालयाची गंजक्या पोलादाची इमारत तेझुका दांपत्याने बांधली आहे. हिवाळ्यात तिच्या मोठ्या खिडक्यांतून साचलेल्या बर्फाचे थर आतून दिसतात. तोकामाची शहर संग्रहालयात पाच हजार वर्षांपूर्वीची, कडांवर ज्वाळा उसळल्यासारखी, जोमोन या प्रागैतिहासिक काळातली मडकी आहेत. सासायामाच्या उत्खननात मिळालेल्या या मडक्यांना १९९९ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. पावसाचा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

होशितोगेला पहाटे जाणार असाल तर एक विनंती. खाली वाडीत लोक झोपलेले असतात. गाडी ठरलेल्या जागीच लावा, दारं हळू बंद करा आणि फोटोसाठी बांधावर उतरू नका. बांध पायाने खचला की पाणी निघून जातं आणि तो पुन्हा लिंपायला सत्तरी-ऐंशीच्या माणसालाच उतरावं लागतं.

@वाटसरू, तारखा ठरल्या की इथेच लिहा. टॅक्सीवाल्याला दाखवायला जपानीत ठिकाणांची यादी करून देते.